वनौषधी आणि झोपेच्या गोळ्या : परस्परपरिणाम

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारखी शामक औषधे चालू असताना झोपेसाठी किंवा ‘टेन्शन’साठी वनस्पतिजन्य पूरके घेतल्याने होणारे परिणाम. ते दोन दिशांनी होतात : गुंगी वाढते, नाहीतर गोळीचा अंमल कमी पडतो. पहिली शक्यता कुणालाही सुचते. दुसरी सहसा ध्यानात येत नाही, म्हणून ती अधिक फसवी.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारखी बेंझोडायझेपिन गटातील औषधे मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा प्रभाव वाढवतात. तगर, व्हॅलेरियन, कावा या शामक वनस्पतींचीही गुंगी त्यात मिळाली, तर दिवसा झापड येते, तोल जातो. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडतो. सोबत दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामक असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. १९९६ साली अमेरिकेत अल्प्राझोलम घेणारा ५४ वर्षांचा रुग्ण कावा सुरू केल्यावर अर्धवट बेशुद्धीत गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मात्र तो सिमेटिडीन हे आम्लपित्तावरचे औषधही घेत होता आणि त्यानेही अल्प्राझोलमचा निचरा मंदावतो. तेव्हा सगळे खापर कावावर फोडता येत नाही.

उलट दिशेचे ठळक उदाहरण म्हणजे उदासीनतेवर घेतले जाणारे सेंट जॉन्स वॉर्ट. त्यातील हायपरफोरिन या घटकामुळे यकृत व आतड्यांतील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) वाढते आणि गोळी लवकर निकामी होते. २००३ च्या एका अभ्यासात ही वनस्पती १४ दिवस दिल्यावर अल्प्राझोलमचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे १२ तासांवरून ६ तासांवर आला. रुग्णाला वाटते, गोळी ‘लागू पडत नाही’. मग मात्रा वाढते. पुढे पूरक बंद केले की काही दिवसांत विकर पूर्वपदावर येते आणि तीच वाढवलेली मात्रा जड पडते. लोराझेपाम या त्याच गटातील औषधाचे विघटन या विकरावर अवलंबून नसल्याने तिथे ही अडचण फारशी येत नाही.

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांच्याबाबत माणसांवरील पुरावा तोकडा आहे. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे ठाम विधान त्यावर उभे राहू शकत नाही. अश्वगंधारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोलही असतो. एका मात्रेत तो थोडाच जातो, तरी गोळीसोबत घेणाऱ्याने बाटलीवरचे लेबल वाचलेले बरे.

भारतात अल्प्राझोलम व झोल्पिडेम अनुसूची एच१ या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. अश्वगंधेची डबी मात्र त्याच काउंटरवर विनाचिठ्ठी मिळते. त्यामुळे डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारल्यावर चूर्ण, काढा, अरिष्ट यांचा उल्लेख राहून जातो. बरेच जण त्यांना औषधांत धरतच नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही माहिती भूलतज्ज्ञाला आधीच हवी असते. पूरक थांबवणे एकवेळ सोपे. पण बरेच दिवस घेतलेली बेंझोडायझेपिन गोळी मनाने एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

भेसळीचा प्रश्न यापलीकडचा. १९९८ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ‘स्लीपिंग बुद्धा’ या वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनाबद्दल इशारा दिला : त्यात एस्टाझोलम हे चिठ्ठीवर मिळणारे बेंझोडायझेपिनच सापडले होते.