मंगळवारी अंडी ठेवा: वर्गातली उबवणपेटी

खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते. अंडे एकाच कुशीवर पडून राहिले, तर आतला गर्भ पडद्याला चिकटून मरतो. वर्गातल्या पेटीत हे काम मुलांकडे येते: शाळा भरताना, खिचडीच्या सुट्टीत आणि सुटताना. फेऱ्या विषमच हव्यात, म्हणजे रात्रीचा लांब वेळ आलटूनपालटून दोन्ही कुशींना मिळतो. एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसरीला गोल.

विदर्भात हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावे. उन्हाळ्यात खोलीतच पारा चढलेला असतो. पेटीत जाण्याआधीच गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दगावतो. गावरान अंडी कोंबडा असलेल्या घरचीच आणि सात दिवसांच्या आतली घ्यावीत. ती धुऊ नयेत, कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते. शेतातली टिटवीची अंडी मात्र कुणी आणली, तर जिथली तिथे ठेवायला लावा. वन्य पक्ष्यांची अंडी उचलायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

थर्मोकोलची पेटी, ४० वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारे यंत्र), संगणकातला छोटा पंखा आणि पाण्याची वाटी एवढे पुरते. वायरिंग मोठ्यांनीच करावे. पेटी आधी एक दिवस रिकामी चालवून पाहा. पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस ठेवा. नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.५. वीज गेली तर गोधडी टाका, हवेची भोके उघडी ठेवून. तासा-दोन तासांचा गारवा अंडी सोसतात, जास्तीची उष्णता नाही.

आर्द्रता ५० ते ५५ टक्के हवी. ती बरोबर आहे का, हे वजनकाटा सांगतो: ५० ग्रॅमचे अंडे १८व्या दिवशी साधारण ६ ग्रॅमने हलके झालेले असावे. वजन फार घटले तर वाटीत पाणी वाढवा, कमी घटले तर पाणी कमी करा. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. नुसते लाल कडे दिसले तर तो मेला.

मंगळवारी अंडी ठेवली, की १८वा दिवस शनिवारी येतो. त्या दिवसापासून फिरवणे बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि झाकण मिटलेले. सगळ्यात जास्त पिल्ले इथेच जातात. पाहण्याच्या हौसेने झाकण उघडले, की ओल निसटते आणि पडदा वाळून पिल्लाला आवळतो. कवचाला भोक पडल्यावर पिल्लू १२ ते २४ तास गप्प राहते. या वेळात पडद्यातले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. कवच सोलून ‘मदत’ केली, तर शिरा फाटून रक्तस्राव होतो. २१व्या दिवशी, म्हणजे पुन्हा मंगळवारी, निघालेली पिल्ले अंग वाळेपर्यंत पेटीतच असू द्या. बलकावर ती दोन दिवस तग धरतात. मग ३५ अंशांची ऊब, दाणा-पाणी आणि पिल्लू हातात घेतल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे.