आरसा, मायबोली आणि ताटाची डावी बाजू

सोलापुरात मेंदूला मार लागलेल्या रुग्णांबरोबर काम करताना घरच्यांचं एक वाक्य मी नेहमी ऐकते : "डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत." अशा वेळी मी खिशातून हातभर नव्हे, तळहाताएवढा आरसा काढते.

आरसा रुग्णाच्या चेहऱ्यापासून चार-पाच इंचांवर धरायचा आणि हळूहळू उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्यायचा. नजर त्याच्यामागे सरकली, मध्येच सुटली नाही, तर ती जाणिवेची खूण. बोट किंवा पेन फिरवलं तर कित्येकदा डोळे हलत नाहीत; स्वतःच्या चेहऱ्यामागे मात्र जातात. बेशुद्धीनंतर जाणीव किती परतली हे मोजणाऱ्या 'कोमा रिकव्हरी स्केल'च्या 2004 साली सुधारलेल्या आवृत्तीत ही तपासणी आहे. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंडाची हालचाल व आवाज, संवाद आणि जागेपणा मिळून त्या आवृत्तीचे एकूण 23 गुण.

एवढा खटाटोप कशासाठी? 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधल्या एका अभ्यासात, डॉक्टरांच्या एकमतानं 'जाणीव नाही' असं ठरलेले 44 रुग्ण या पद्धतीनं पुन्हा तपासले गेले. त्यातल्या 18 जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. शिवाय जाणीव सकाळ-संध्याकाळ चढते-उतरते. म्हणून एकदा पाहून शिक्का मारायचा नाही. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा पाहायचं.

आणि कुठल्या भाषेत पाहायचं? हा प्रश्न आपल्या गावात फार मोलाचा आहे. शहराच्या पूर्व भागातले एक विणकर काका, अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले. "काका, हात वर करा" म्हटलं की काहीच नाही. लेक वाकून म्हणाली, "नान्ना, चेय्यि एत्तु." बोटं उचलली गेली. पुन्हा सांगितलं, पुन्हा उचलली. मराठी त्यांना येत होती, पण जखमी मेंदूला घरची तेलुगू आधी पोहोचली. कानडी घरांतही मी आता हेच करते.

रुग्ण बोलू लागला की स्मरण, लक्ष, आकलन तपासायचं. त्यासाठी कॅनडात तयार झालेली 30 गुणांची 'मोका' चाचणी सर्रास वापरतात. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला त्यात एक गुण जादा मिळतो. चौथीत शाळा सोडून मागावर बसलेल्या माणसाला त्यातली घनाकृती काढता आली नाही, तर तो मेंदूचा दोष धरायचा का? माझ्या मते नाही. गुणांसोबत मी विचारते : आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा कुठल्या महिन्यात? धागा तुटला तर आधी काय करता? ज्या कामात पूर्वी हात झोपेतही चालायचा, त्याचा क्रम आता कुठे अडखळतो, ते यातून कळतं.

सर्वांत अवघड, हरवलेलं हरवल्याचं न कळणं. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये त्याला 'अॅनोसोग्नोसिया' हे नाव दिलं. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेल्या एक मावशी डावा हात लुळा असूनही "चांगला आहे की" म्हणायच्या. त्यांना डावीकडचं जगही जणू नव्हतं. डोळे शाबूत, पण लक्ष तिकडे वळत नव्हतं. जेवताना भाकरी नि भाजी संपली. मग सुनेला म्हणाल्या, "आज शेंगाची चटणी वाढली नाहीस गं?"

चटणी ताटात डावीकडे, लिंबाशेजारीच होती. मी ताट अर्धं फिरवलं. त्यांनी चटणीला बोट लावलं आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, "आत्ता वाढलीस होय?" दुसऱ्या दिवसापासून ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. जेवायच्या आधी ती शोधायची, मग घास घ्यायचा.