डोळ्याला मंद, कोरलला प्रखर

घरच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकवर नवा एलईडी लाइट लावल्यावर दहा-बारा दिवसांत कोरल पांढरे पडू लागले, की सगळा दोष लाइटवर जातो. बहुतेक वेळा चूक अंदाजाची असते. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पोपटी प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. रीफ लाइटमध्ये, म्हणजे कोरलसाठीच्या लाइटमध्ये, भरपूर असलेला ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू आपल्याला त्याच्या चार टक्क्यांइतकाही तेजस्वी भासत नाही. टँक अंधुक दिसतो म्हणून लाइटच्या ॲपवर तीव्रतेची टक्केवारी वाढवली जाते, आणि दगडावर बसलेल्या कोरलवर त्याला पेलवणार नाही इतका प्रकाश पडत राहतो.

कोरलला हा निळा प्रकाश लागतो तो त्याच्या भाडेकरूंमुळे. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. त्यातले क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये प्रामुख्याने ४०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश शोषतात, आणि तयार झालेल्या साखरेचा मोठा वाटा कोरलला मिळतो. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो, निळा खोल जातो. हे शैवाल त्या निळ्याच्याच सवयीचे आहे. प्रकाश प्रमाणाबाहेर गेला की प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि कोरल शैवालाला बाहेर टाकू लागते. ते पांढरे पडते ते यामुळे. उलट प्रकाश कमी पडला, तर शैवाल दाटते आणि कोरल तपकिरी होते.

म्हणून वॉट (वीज) आणि केल्विन (प्रकाशाची रंगछटा) बाजूला ठेवून पार हा आकडा धरावा. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते पार मायक्रोमोलमध्ये सांगतो (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या आसपास असतो. टँकमध्ये मशरूम, झोअँथिड आणि लेदर या मऊ कोरलला ५० ते १०० पुरतात. टॉर्च आणि हॅमरसारख्या एलपीएसला, म्हणजे मोठ्या पॉलिपच्या टणक कोरलला, ८० ते १५० (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव). अक्रोपोरा, माँटिपोरासारख्या एसपीएसला, म्हणजे लहान पॉलिपच्या टणक कोरलला, २०० ते ३५०. मात्र हा वेग झाला, मात्रा नव्हे. २०० पारवर ८ तास म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे ५.७६ मोल फोटॉन. तेवढेच फोटॉन १६० पारवर १० तासांतही मिळतात. तास आणि तीव्रता एकाच आठवड्यात वाढवली, तर मात्रा दोन्हीकडून फुगते.

मोबाइलमधल्या लक्स ॲपवर विसंबू नका. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यावरच बेतलेले आहे, म्हणजे जी चूक डोळा करतो तीच ॲप करते. पार मीटरच घ्यायचा तर पाण्यात बुडणारा आणि निळा-जांभळा पट्टा नीट मोजणारा घ्यावा, उदाहरणार्थ अपोजी एमक्यू-५१०. तो महाग आहे, पण वर्षातून दोनदाच लागतो. ठाणे-नवी मुंबईतल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेणे हाच शहाणपणा. वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) बंद करून तळाशी आणि मधल्या उंचीवर नऊ-नऊ ठिकाणी मोजा आणि कागदावर नकाशा काढा. मध्यभागी ३०० आणि कोपऱ्यात ६० असा फरक सहज सापडतो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक घेऊ. काठोकाठ सुमारे १९० लिटर. यावर मधोमध एक जबरदस्त लाइट लावण्यापेक्षा दोन लहान लाइट कधीही बरे. एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रकाशात फांद्यांच्या खालच्या बाजूला सावली पडते आणि तिथली ऊती हळूहळू मरते. लाइट पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर ठेवा. उंची वाढवली की मधला प्रखर डाग मवाळ होतो, पण काही प्रकाश खोलीत सांडतो.

बाजारात ‘१६५ वॉट’ म्हणून मिळणाऱ्या काळ्या पेटीतल्या लाइटमध्ये ३ वॉटच्या ५५ एलईडी असतात. हा आकडा त्या गुणाकारातून आलेला आहे. प्लगला वॉट मीटर लावला तर खप साधारण ११० ते १२० वॉट दिसतो. हा लाइट वाईट नाही, पण त्याच्या ९० अंशांच्या लेन्स प्रकाश एकवटतात. एलपीएसच्या टँकवर निळा चॅनेल २५ टक्के आणि पांढरा १० टक्के यापेक्षा वर सुरुवात करू नये.

टी-५ या बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा प्रकाश फार समान पसरतो, पण ९ ते १२ महिन्यांत तीव्रता घटते, त्यामुळे ट्यूब बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइड दिवा आपल्या हवेत मला परवडणारा वाटत नाही. २५० वॉटचे दोन दिवे ८ तास लावले तर रोज ४ युनिट, महिन्याला १२०. प्रत्यक्ष १०० वॉट घेणाऱ्या दोन एलईडींना महिन्याला ४८ युनिट पुरतात. महावितरणच्या घरगुती दराचा टप्पा १०० आणि ३०० युनिटांना बदलतो, त्यामुळे हा फरक बिलात आणखी मोठा दिसतो. शिवाय ५०० वॉटची उष्णता चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) उपसावी लागते ती वेगळीच. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाण्यावर पंखा सोडूनही बाष्पीभवन नीट होत नाही आणि टँक २६ अंशांवर टिकत नाही. एलईडीचे वेळापत्रकही दुपारी १ ते रात्री ९ असे सरकवा. घरी परतल्यावर टँक पाहता येतो आणि लाइटचे शेवटचे तास एसीच्या वेळेत येतात. खिडकीतून टँकवर थेट ऊन येत असेल, तर पडदा हवाच.

टांगण्याबाबत एक धोका हमखास दुर्लक्षित राहतो. घोडबंदर रोड, खारघर किंवा नेरूळच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याला पीओपीचे खोटे छत असते. त्यात हुक मारू नका. भोक पाडून मूळ स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवा. भाड्याच्या घरात टँकच्या काचेवर किंवा स्टँडवर बसणारा आर्म वापरा. प्रत्येक तार प्लगच्या खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे ओघळणारे खारे पाणी खालच्या वळणावरून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टँकच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि एअरपंप जोडा, लाइट नको. कोरल एक दिवस अंधारात सहज काढते, ऑक्सिजनशिवाय नाही. लेन्सवरचे मीठ दर आठवड्याला, लाइट बंद आणि थंड असताना, आरओ पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसा.

आता प्रत्यक्ष बदल. जुना लाइट काढण्याआधी प्रत्येक कोरलच्या जागी पार मोजून लिहून ठेवा. नवा लाइट त्याच जागी जुन्याच्या ७० ते ७५ टक्के पार देईल इतका लावा, आणि दर आठवड्याला पाच-दहा टक्क्यांनी वाढवत सहा ते आठ आठवड्यांत ठरवलेल्या आकड्यावर न्या. या काळात तास, लाइटची उंची आणि कोरलची जागा यांतले काहीही बदलू नका. मीटर नसेल, तर टँकवर नायलॉनच्या मच्छरदाणीचे तीन थर टाका आणि आठवड्याला एक काढा. धातूची जाळी चालणार नाही. ती गंजते, आणि तांबे पाण्यात उतरले तर कोळंबी आणि कोरल दोन्ही जातात.

लाइट वाढला म्हणून लगेच अक्रोपोरा आणायची घाई नको. आपल्याकडची प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. किनाऱ्यावरचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि विक्रेत्याकडून घेताना परवान्याची व आयातीची कागदपत्रे मागणे आपले काम आहे.

वाढवताना कोरल फिकट दिसले, तर लाइट कमी करण्याआधी टेस्ट किट काढा. जास्त प्रकाशात वाढ जोमाने होते आणि नायट्रेट-फॉस्फेटची गरजही वाढते. दोन्ही शून्यावर असतील, तर पार बरोबर असूनही कोरल उपाशी फिकटते. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांतला एक भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल, तरी फक्त वरचा, उजेडाकडचा भाग पांढरा पडत असेल आणि सावलीतला रंग टिकून असेल, तर लाइट १० टक्क्यांनी खाली आणा आणि दोन आठवडे तिथेच थांबा.