स्कोप्स खटला
सरकारी शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याच्या आरोपावरून जॉन टी. स्कोप्स या शिक्षकावर अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डेटन येथे चाललेला फौजदारी खटला (१०–२१ जुलै १९२५). मानव खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळांत शिकवण्यास त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झालेल्या बटलर कायद्याने बंदी होती. शिक्षा १०० ते ५०० डॉलर दंडाची. कायद्याला आव्हान देण्यासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने आरोपी होण्यास राजी असलेला शिक्षक वर्तमानपत्रातून मागितला. गावाचे नाव होईल या हिशेबाने डेटनच्या काही मंडळींनी स्कोप्स यांना पुढे केले. ते मुख्यतः फुटबॉलचे प्रशिक्षक. जीवशास्त्राचे तास त्यांनी बदली म्हणून घेतले होते. उत्क्रांतीचा धडा आपण शिकवला होता की नाही, याची खुद्द त्यांनाही पुढे खात्री नव्हती. विशेष म्हणजे, तो धडा असलेले हंटर यांचे पाठ्यपुस्तक राज्यमान्य होते.

आरोपीचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी सरकार पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची बायबलवर उलटतपासणी घेतली. नाटक-सिनेमांनी तिलाच खटल्याचा गाभा ठरवले. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी मात्र ती दुसऱ्याच दिवशी कामकाजातून वगळली.

कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो दंड. ज्यूरीने दोषी ठरवून रक्कम न्यायाधीशांवर सोडली व त्यांनी १०० डॉलर ठोठावले. टेनेसीच्या राज्यघटनेप्रमाणे ५० डॉलरांवरील दंड ज्यूरीनेच ठरवायचा असतो. या तांत्रिक मुद्द्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये शिक्षा रद्द केली, पण कायदा वैध ठरवला. शिक्षाच न उरल्याने प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेले नाही. बटलर कायदा १९६७ पर्यंत टिकला. अशी बंदी घटनाबाह्य असल्याचा निर्णय १९६८ मध्ये आर्कान्सासच्या एपर्सन खटल्यात झाला.

खटल्यानंतर पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांती जवळजवळ हद्दपार झाली व सोव्हिएट स्पुटनिक उपग्रहानंतरच (१९५७) परतली, असे मत १९७० च्या दशकात मांडले गेले. हंटर यांच्या १९२६ च्या सुधारित आवृत्तीतून ‘उत्क्रांती’ हा शब्द गेला, हे खरे. परंतु काही पुस्तकांत विषय कायम होता, असे अलीकडचे अभ्यासक दाखवतात व ते अधिक ग्राह्य वाटते.

पुढे वादाचे रूप पालटले. ‘सृष्टिविज्ञान’ (बायबलमधील सृष्टिनिर्मिती विज्ञान म्हणून मांडणारे मत) उत्क्रांतीच्या जोडीने शिकवण्याची सक्ती १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली. ‘बुद्धिमान रचना’ (सजीव एखाद्या बुद्धिमान कर्त्याने रचले, हे मत) हा धार्मिक विचारच असल्याचा निकाल २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात लागला. तो विचार वर्गात आणणाऱ्या तेथील शाळा मंडळाचे बहुतेक सदस्य दरम्यान निवडणुकीत पडले व अपील झाले नाही. त्यामुळे जिल्हा न्यायालयाचा तो निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही.