छोटा डीएसएलआर: वजन कमी केलं ते कुठून?

फ्लेमिंगोंच्या दिवसांत ऐरोली, नेरुळ, सीवूड्स भागात लांब लेन्स गळ्यात अडकवलेली माणसं आता नवीन राहिलेली नाहीत. ठाणे खाडीचा एक पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये तो जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. मोबाइलमध्ये मात्र हा पक्षी गुलाबी ठिपक्यापलीकडे जात नाही, आणि नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, लेन्सांसकट घ्यायचा तर बजेट कोलमडतं. मग नजर वळते ती वापरलेल्या, छोट्या, एंट्री लेव्हल डीएसएलआरकडे, म्हणजे लेन्समधलं चित्र आरशातून डोळ्यापर्यंत नेणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याकडे (फिल्मवरचा तो एसएलआर): निकॉन डी३५००, कॅनन २००डी, नाहीतर कुणाच्या तरी कपाटात पडून असलेला डी३१००. मेगापिक्सेल बघून यातला एक उचलायचा, तर त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका. हे कॅमेरे हलके करताना प्रत्येक वेळी काही ना काही काढून टाकलं गेलं आहे, आणि तुमच्या कामाचं नेमकं तेच असू शकतं.

सुरुवातीला हलकेपणाचा प्रश्नच नव्हता. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ च्या बॉडीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप, जोडला, तेव्हा फोटो साठवायचं यंत्र वेगळं खांद्यावर टांगून फिरावं लागे. १९९९ चा निकॉन डी१ सुटसुटीत होता, पण २.७ मेगापिक्सेलच्या त्या कॅमेऱ्याची किंमत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनाच परवडावी अशी.

गाडी रुळावर आली ती २००३ च्या ऑगस्टमध्ये, कॅनन ३००डी मुळे. ६.३ मेगापिक्सेल, चंदेरी प्लास्टिकची बॉडी, आणि अमेरिकेत सोबत मिळणाऱ्या १८-५५ एमएमच्या किट लेन्ससकट किंमत हजार डॉलरच्या आत. सेन्सर महागड्या १०डी मधलाच होता. काही सोयी तर आत असूनही सॉफ्टवेअरने बंद करून ठेवल्या होत्या, आणि हौशी लोकांनी कॅमेऱ्यातल्या त्या सॉफ्टवेअरशी खटपट करून त्या उघडल्याही. स्वस्त मॉडेल महागड्याच्या पोटावर पाय देणार नाही याची काळजी कंपन्या तेव्हापासून घेत आल्या आहेत.

किंमत उतरायचं मोठं कारण सेन्सरचा आकार. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तेवढ्या मोठ्या चिप्स सिलिकॉनच्या एका चकतीतून थोड्याच निघतात, आणि एखादा दोष आला की मोठा तुकडा वाया जातो. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यांत निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळाचा सेन्सर आला. त्याला एपीएस-सी म्हणतात. हे नाव १९९६ मध्ये आलेल्या आणि फार न टिकलेल्या एका फिल्म पद्धतीचं. सेन्सर लहान म्हणून आरसाही लहान, त्यामुळे लेन्सची मागची काच बॉडीत आणखी आत घेता आली. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यातूनच जन्मल्या. पक्षीवाल्यांना तर हे वरदानच ठरलं, कारण ३०० एमएमची लेन्स या सेन्सरवर ४५०-४८० एमएमसारखी चौकट देते, म्हणजे पक्षी चौकटीत तेवढा मोठा दिसतो. ऑलिंपसने सेन्सर याहून लहान केला आणि २००७ च्या ई-४१० ची बॉडी ३७५ ग्रॅमवर आणली. कॅमेरा देखणा होता, पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, बोगद्यातून पाहिल्यासारखा.

व्ह्यूफाइंडरवर तर सगळ्यांनीच कात्री चालवली. जुन्या चांगल्या एसएलआरच्या डोक्यावरच्या उंचवट्यात काचेचा भरीव पेंटाप्रिझम असे. तो जड आणि महाग, म्हणून त्याजागी पोकळ आरशांची रचना आली, पेंटामिरर. वजन वाचलं, पण चित्र लहान आणि मंद झालं. वडिलांचा फिल्मवरचा एसएलआर घरात असेल तर तो एका हातात आणि निकॉन डी४० दुसऱ्या हातात धरून दोन्हींतून आळीपाळीने बघा. वेगळं काही सांगावं लागणार नाही. शिवाय या छोट्या कॅमेऱ्यांत चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. कडेचा विजेचा खांब फोटो काढताना दिसत नाही आणि घरी आल्यावर दिसतो, त्याचं कारण हे.

पण खरी फसगत होते ती फोकसच्या मोटरवरून, आणि तिचं मूळ ऐंशीच्या दशकात आहे. १९८५ मध्ये मिनोल्टाने ऑटोफोकस एसएलआर लोकप्रिय केला, तेव्हा निकॉनने १९५९ पासूनचा आपला एफ माउंट (लेन्स बसवायचं कडं) न सोडता बॉडीत मोटर बसवली. ती एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवत असे. कॅननने १९८७ मध्ये जुन्या ग्राहकांचे शिव्याशाप घेत माउंटच बदलला आणि मोटर लेन्समध्ये टाकली. याचा हिशोब वीस वर्षांनी झाला. २००६ च्या अखेरीस निकॉनला डी४० लहान करायचा होता, तेव्हा बॉडीतली मोटर काढली गेली. जुन्या निकॉन लेन्स त्यावर बसतात, फोटोही काढतात, फक्त फोकस हाताने करावा लागतो. ५० एमएम एफ १.८ ची स्वस्त डी लेन्स नेमकी याच जातीची. कॅननवाल्यांना ही कटकट कधीच नव्हती. ओळखायचं कसं? लेन्स काढून माउंटच्या धातूच्या कड्याकडे समोरून पाहा. खाली डावीकडे स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा एक बारीक दांडा दिसला तर मोटर आहे. डी९० मध्ये तो दिसतो. डी४०, डी३०००, डी५००० आणि त्यांच्या पुढच्या भावंडांत दिसत नाही.

मग २०१६ मध्ये निकॉनने एएफ-पी लेन्स आणल्या आणि उलट बाजूने घोळ झाला. एएफ-पी ७०-३०० हलकी, शांत, स्वस्त, खाडीसाठी मस्त. डी३५०० वर ती मक्खन चालते. डी३१०० वर लावली तर ऑटोफोकस सोडाच, हातानेही फोकस होत नाही, कारण तिची रिंग नुसती इलेक्ट्रॉनिक आहे. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून स्वस्तात मिळाली म्हणून खूश होण्याआधी एवढं तपासाच.

पुढे काटछाट आणखी बारीक होत गेली. २०१३ चा कॅनन १००डी बॅटरी-कार्डासकट ४०७ ग्रॅम, त्या वेळचा सर्वांत लहान एपीएस-सी डीएसएलआर. पण बॅटरीही लहान, कंपनीच्याच मोजणीने ३८० फोटोंची. डी३५०० जेमतेम आठ ग्रॅमने जड आणि एका चार्जवर १,५५० फोटो. सकाळी बोटीवर चढून दुपारपर्यंत खाडीत राहायचं असेल तर मी डोळे मिटून दुसरा घेईन. त्याची उणी बाजूही आहे: डी३३०० मध्ये असलेलं बाहेरच्या माइकचं भोक आणि सेन्सरवरची धूळ झटकायची सोय डी३४०० पासून गेली. घोडबंदर रोडच्या बांधकामांच्या धुळीत लेन्स बदलत राहणाऱ्याला हे पुढे जाणवतं. व्हिडिओ करायचा असेल तर सरळ २००डी बघा: वळणारा स्क्रीन, माइकची सोय, आणि स्क्रीनवर बघून शूट करतानाही वेगवान फोकस. २०१८ च्या कॅनन ३०००डी मध्ये तर लेन्स बसते तो माउंटही प्लास्टिकचा आहे. तो भेट म्हणून मिळाला तरच घ्यावा. २०१९ च्या २००डी मार्क टू मध्ये बाहेरचा फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेतली (हॉट शू) मधली पिन नाही, त्यामुळे लग्नाच्या हौशी फोटोग्राफरांकडचे साधे, दुसऱ्या कंपन्यांचे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

त्यानंतर काढण्यासारखा आरसाच उरला होता. २००८ मध्ये पॅनासॉनिकने तो काढून दाखवला होता. कॅननचा २०२३ चा मिररलेस आर१०० बॅटरीसकट ३५६ ग्रॅम भरतो. डी३५०० च्या जागी निकॉनने नवा डीएसएलआर आणला नाही, त्यामुळे छोट्या निकॉनपुरतं तरी आता जे आहे ते वापरलेलंच.

ठाणे स्टेशनवर भेटून व्यवहार करणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून बघा. आपल्याकडच्या पावसाचे चार महिने कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे दिसतात. निकॉन असेल तर तिथेच एक फोटो काढून कार्डावरून शटरचा आकडा, म्हणजे आजवर किती फोटो काढले गेले ते, वाचता येतो. कॅननच्या फोटोत तो सहसा नसतो, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावं लागतं, म्हणून किंमत पाडून घ्या.