ओठावर ताप फुटला? टूथपेस्ट राहू द्या

रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याजवळ चार तास उन्हात उभी होते, डोक्यावर साधा रुमालसुद्धा नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना खालच्या ओठाच्या कडेला चुरचुरायला लागलं. संध्याकाळपर्यंत पाण्याचे बारीक फोड, एकाला एक चिकटून, पोह्यांवरचा जीरावन मसाला लागला की डोळ्यात पाणी. आत्या म्हणाली, "ताप फुटलाय गं, टूथपेस्ट लाव." शेजारच्या भाभी म्हणाल्या, मकडी मूत गई, म्हणजे कोळी मुतून गेला. मकडी बिचारी कुठेच नव्हती हो!

हा व्हायरस आहे, हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे ६४ टक्के. बऱ्याच जणांना लहानपणीच कोणाच्या तरी पाप्यातून मिळतो आणि मग कायमचा मुक्कामी, कवटीत कानाच्या पुढच्या बाजूला चेहऱ्याच्या नसेची एक गाठ असते तिथे गुपचूप पडून राहतो. ताप आला, ऊन लागलं, पाळी आली, टेन्शन वाढलं की त्याच नसेवरून खाली ओठावर उतरतो, म्हणून तर दरवेळी साधारण तीच जागा.

आता टूथपेस्ट. ती लावून आत्याचा फोड आठ दिवसांत गेला होता, पण काहीच नाही लावलं तरी तो ७ ते १० दिवसांत सुकतोच, क्रेडिट टूथपेस्ट खाते. उलट पेस्ट, लिंबू, चुना यांनी आधीच सोललेली कातडी अजून भाजते. बर्फ मात्र चांगला, रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं, ठणका कमी होतो. खपली तडकू नये म्हणून व्हॅसलीन नाहीतर तूप, तेही बोटाने डब्यातून न घेता. मधाचं म्हणाल तर न्यूझीलंडमध्ये ९५२ जणांवर कानुका झाडाच्या फुलांचा मध आणि अॅसायक्लोव्हिर हे या व्हायरसवरचं क्रीम लावून बघितलं, मधवाल्यांना बरं व्हायला साधारण ९ दिवस, क्रीमवाल्यांना ८. मध जिंकला असं नाही, क्रीमनेही काही मोठा तीर मारला नाही! त्या क्रीमचा जो काही फायदा आहे तो चुरचुर सुरू होताच, दिवसातून ५ वेळा लावलं तर, फोड फुटल्यावर फारसा नाही. आणि घरात पडलेली खाजेची स्टेरॉइडवाली ट्यूब मनाने लावू नका, व्हायरसला रान मोकळं मिळतं.

खरी काळजी वेगळीच. फोडाला लावलेलं बोट डोळ्याला लागलं तर बुबुळाला जखम होऊ शकते, डोळा लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तान्ह्या बाळाच्या तर जिवावर बेतू शकतं. भाचीचं बाळ दीड महिन्याचं, बारशाला मी खपली पडेपर्यंत गेलेच नाही, आत्या अजून फुगून बसलीय.