ब्रेक ऑइल ‘लेव्हलला आहे’ म्हणून चांगलं आहे, असं नाही

‘ब्रेकची सिस्टीम बंदिस्त असते, ऑइल कमी झालं तर टॉप-अप करायचं, बदलायची गरज नाही.’ हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं. यातलं ‘बंदिस्त’ हेच मुळात खरं नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ब्रेक ऑइलचे प्रकार; ग्लायकॉल या रसायनावर आधारलेली ही द्रव्यं हवेतली आर्द्रता ओढून घेतात. रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून ती हळूहळू आत जातेच, गाडी नुसती उभी असली तरी.

ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की किमान मर्यादा थेट १५५ वर येते. रोजच्या चालवण्यात काही जाणवत नाही. लांब घाटउतारावर सतत ब्रेक दाबला, की कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापतो, आतलं द्रव्य उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव्य नाही. त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

रंगावरही जाऊ नका. स्वच्छ दिसणाऱ्या द्रव्यातही पाणी असू शकतं.

आणि लेव्हल उतरली म्हणजे बहुतेकदा पॅड झिजलेत, नाहीतर गळती आहे. डोळे झाकून टॉप-अप केलं तर ही खूण पुसली जाते.

बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, काही तीन. आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. किलोमीटर कमी झालेत, ही सबब चालत नाही.